धाकधुकीच्या उलट

कार्डं आली त्याच दिवशी मी म्हटलं होतं, की ज्यानं ही छापली त्यानं जन्मात कधी बोटीत पाय ठेवलेला नाही. पण माझं ऐकतो कोण? मी पडले तिकीटवाली.

आमची बोट गावाच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावर जाते आणि परत येते. ही झाली एक फेरी. दिवसाला अशा दोन, आणि आठवड्याला एक सुट्टी. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. त्यातली पहिली पंधरा आणि शेवटची पंधरा अशी असतात, की चहाचा भरलेला कप बाकावर ठेवावा आणि खुशाल विसरून जावं. मधली वीस मिनिटं मात्र वेगळी. तिथे दोन बाजूंचे प्रवाह एकमेकांना भिडतात, आणि नवरा-बायकोच्या भांडणात सापडलेल्या शेजाऱ्यासारखी आमची बोट एकदा इकडे झुकते, एकदा तिकडे. नवखा माणूस तिथे आधी आकाशाकडे बघतो, मग स्वतःच्या पायांकडे बघतो, आणि मग कोणाकडेच बघत नाही.

गेली एकोणीस वर्षं मी या बोटीवर तिकिटं फाडते. बोट चालवतो माझा भाऊ. बाकी सगळे त्याला कप्तान म्हणतात, मी धाकट्या म्हणते, तो सत्तेचाळीस वर्षांचा झाला तरी. घरात आम्ही दोघंच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि त्याच्या तोंडाला कायमचं कुलूप, त्यामुळे आमचं छान जमतं. वीस वर्षं तो याच बोटीवर खाली इंजिन सांभाळायचा. गेल्या वर्षी जुने कप्तान निवृत्त झाले आणि सुकाणू याच्या हातात आलं. मी गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तो मात्र त्या दिवशी एवढंच म्हणाला, "ताई, उद्यापासून मला अर्धा तास लवकर उठव."

आणखी एक सांगायला हवं. धाकट्याला नियम म्हणजे जीव की प्राण. "ओल्या पायांनी आत येऊ नये" अशी पाटी कुठे दिसली, तर हा कोरडे पायसुद्धा पुसून आत जाईल.

तर ती कार्डं. पिवळी, तळहाताएवढी. वर छापलं होतं: "बोटीवरील प्रत्येकाने फेरी संपताच भरावे. आपणांस कसे वाटले?" त्याखाली सहा चौकोन. मळमळ, चक्कर, डोके जड, धाकधूक, कसेतरी, इतर त्रास. संपलं. बरं वाटलं असेल त्यानं कुठे खूण करायची, याचा पत्ता नाही. सोबत मुख्य कचेरीचं पत्र होतं. तीन महिने ही कार्डं भरून घ्यायची, उतरण्याच्या फळीपाशी पत्र्याची पेटी लावून ठेवायची. तीन महिन्यांत खुणा केलेली तीनशे कार्डं जमली, तर सध्याच्या कप्तानांना गोदामाच्या कामावर घेऊन दुसरा कप्तान नेमण्यात येईल.

मी पत्र दोनदा वाचलं. गोदाम म्हणजे धक्क्यामागची ती बिनखिडक्यांची खोली, जिथे दोरखंड आणि रंगाचे डबे ठेवतात. माझा भाऊ तिथे बसून दोरखंड मोजणार, या विचारानंच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कचेरीत फोन लावला.

"साहेब, बरं वाटलं त्यानं काय करायचं?"

"त्यानं काही करायचं नाही," पलीकडून साहेब म्हणाले. आवाज थकलेला, दिवसभर अशाच बायकांचे फोन घेतल्यासारखा. "बरं वाटलं तर प्रश्नच नाही."

"मग 'प्रत्येकाने भरावे' कशाला लिहिलंय?"

पलीकडे कागदांचा आवाज. कार्ड पहिल्यांदाच नीट वाचत असावेत.

"एक चौकोन वाढवता येईल," ते म्हणाले. "जागा एकाच शब्दाची आहे. तुम्हीच सुचवा. या सगळ्याच्या उलट अर्थाचा एक शब्द. बरं वाटलेल्यांची कार्डं आली, तर तेवढी मोजणीतून वजा करू."

मला वाटलं, हे तर हातचा मळ. एवढी बोलणारी बाई मी, आणि एक शब्द सापडू नये? त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. मळमळ, घालमेल, कालवाकालव, हुरहूर, पोटात गोळा, छातीत धडधड, जिवाची उलघाल, पायाखालची वाळू सरकणं. बिघडल्याचे शब्द एका पानात मावेनात. बरं असल्याच्या बाजूला मी 'बरं' लिहिलं, आणि मग पेन नुसतं हातात धरून बसले. 'बरं' तर माणूस तापातून उठल्यावर म्हणतो. नाहीतर "बरं बरं, कळलं" असं म्हणून समोरच्याला गप्प करायला.

महिना गेला, दीड महिना गेला. शब्द मिळाला नाही आणि कार्डं वाढत गेली. मी रोज पेटी उघडायचे, खुणा केलेली कार्डं मोजायचे, गठ्ठा बांधायचे. कोणी काय लिहिलंय ते बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कोणालाच तिकीट दिलं नसतं. तरी संशय होताच. बेटावरच्या शाळेत शिकवायला रोज जाणारे मास्तर उतरताना पेटीपाशी रेंगाळायचे. कपड्यांचं बोचकं घेऊन जाणारी शिंपीणबाई तर कार्ड माझ्यासमोरच भरायची आणि वर मला विचारायची, "मळमळीला दोन खुणा केल्या तर चालतं का हो?" मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. माझ्यासाठी आठवडाभर न बोलणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत.

दोन महिने पुरे झाले तेव्हा दोनशे सोळा कार्डं झाली होती. उरला एक महिना. हिशेब कोणालाही कळावा असा होता. या चालीनं तीनशेचा आकडा आठवडाभर आधीच गाठला जाणार होता.

त्या दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी तिकिटाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळे गठ्ठे सोडले. म्हटलं, एकदा बघूच, या नाजूक जिवांना होतं तरी काय. चक्कर, चक्कर, कसेतरी, मळमळ. बारीक काळ्या पेन्सिलीच्या खुणा, कारण पेटीला सुतळीनं काळी पेन्सिल बांधलेली आहे. आणि मग एक जाड निळी खूण. धाकधूक. पुन्हा एक निळी. धाकधूक. मी निळी कार्डं वेगळी काढायला लागले. ढीग वाढतच गेला. एकशे चार. रोजची दोन, एकही फेरी न चुकवता. प्रत्येकावर तीच एक खूण, चौकोनाच्या रेषेबाहेर जरासुद्धा न गेलेली.

तसली जाड निळी पेन्सिल आमच्या बोटीवर एकच आहे. नकाशावर रेघ ओढायला लागते ती. धाकट्याच्या कानामागे खोचलेली असते.

खरं सांगते, आधी मला रागच आला. मी त्याच्यासाठी लोकांशी वैर घेत फिरत होते, आणि हा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत होता. मी ढीग ओंजळीत घेतला आणि बाहेर गेले. तो धक्क्यावरच्या बाकावर बसून पाण्याकडे बघत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्यानं बघितलं. "कार्डं."

"तुझी?"

"हो."

"प्रवाशांसाठी आहेत ती, धाकट्या."

"तसं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "बोटीवरील प्रत्येकाने, असं आहे. मी बोटीवर असतो."

मी त्याच्या शेजारी बसले. "आणि धाकधूक? खरंच?"

त्यानं कानामागची पेन्सिल काढून बोटांत फिरवली. मग एकदम बोलला, आणि त्याच्या मानानं खूपच बोलला. "खाली होतो तेव्हा पाणी दिसायचं नाही, ताई. इंजिन दिसायचं. इंजिनाला काय हवं ते मला कळतं. वर आल्यापासून पाणी दिसतं. मधली वीस मिनिटं माझ्या पाठीमागे शंभर माणसं असतात, आणि मी चाक असं आवळून धरतो, की उतरल्यावर बोटं सरळ होत नाहीत."

"वर्ष झालं की रे."

"हो."

"मला एका शब्दानं बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. रागानं नाही, तक्रारीनं तर नाहीच. वेळ सांगावी तसं. "कार्डावर विचारलं होतं. म्हणून लिहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज दोनशे माणसांना मी विचारते, कसं काय, पाय कसा आहे, सुनेचं काय झालं, दाढ दुखायची राहिली का. आणि ज्याच्यासोबत एका ताटलीत चहा-बिस्किट खाते, त्याला एकदाही नाही. तो गप्प आहे म्हणजे ठीक आहे, असं मी धरून चालले होते. गप्प माणसांबद्दल सगळेच तसं धरून चालतात, त्यात आपली सोय असते.

"बोट सोडायची आहे का तुला?" मी विचारलं.

"नाही," तो लगेच म्हणाला. "बोट मला आवडते. भीती वाटते ती वेगळी."

"मग कार्डं भरायचं थांबव."

"खोटं बोलू?"

"खोटं नको. गप्प बस. तुला जमतं ते."

"प्रत्येकाने भरावे असं आहे," तो म्हणाला आणि उठला. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. मधली वीस मिनिटं सुरू व्हायच्या आत तिकिटांचं काम उरकायचं आणि वर त्याच्या केबिनमध्ये जाऊन उभं राहायचं. नियमात बसतं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुठे पाटी आहे का? पाटी नव्हती.

वर गेले खरी, पण बोलायचं काय? त्याच्या भीतीबद्दल बोलावं तर भीती वाढायची. बोट हलायला लागली, त्याची बोटं चाकावर पांढरी पडायला लागली. मी समोरच्या खोक्यावर कोपर टेकलं आणि तोंडाला आलं ते बोलले. "साहेबांनी शब्द मागितलाय, मला सापडत नाही. तू सांग. धाकधुकीच्या उलट काय?"

"निर्धास्त," तो म्हणाला.

"त्यात धास्ती आहेच की. नुसती दारातून बाहेर काढलेली. परत आत यायला कितीसा वेळ?"

तो विचारात पडला. "निश्चिंत."

"त्यात चिंता."

"हायसं."

"हायसं वाटायला आधी काहीतरी बिघडावं लागतं. आपल्या बोटीवर लोकांना हायसं वाटतं असं छापलं, तर पुढच्या फेरीला कुत्रं चढायचं नाही."

धाकटा हसला. बोट चालवताना हसलेला मी त्याला वर्षभरात पहिल्यांदा बघितला. तेवढ्यात खालून, डेकवरून, मास्तरांचा आवाज आला. "स्वस्थ! साधा, सरळ, स्वस्थ!"

मी कोपराखाली बघितलं. ते खोकं म्हणजे कर्ण्याचा माईक होता आणि बटण माझ्या कोपरानं दाबलं गेलं होतं. आमचं सगळं बोलणं बोटभर ऐकू गेलं होतं.

मी खाली आले तर डेकवर वाद रंगात आलेला. "स्वस्थ कसलं मास्तर," शिंपीणबाई म्हणत होती. "स्वस्थ बस, असं आपण वांड पोराला सांगतो. त्याला काय बरं वाटत असतं?" बेटावर शाळेची भिंत बांधायला जाणारा गवंडी म्हणाला, ठणठणीत. मास्तर म्हणाले, ठणठणीत फक्त म्हातारे असतात, तरुण माणसाला कोणी तसं म्हणत नाही. कोणीतरी 'मजेत' काढलं. त्यावर शिंपीणबाईनं सांगितलं, की तिचा नवरा कामावरून निघाला तेव्हाही लोकांना मजेतच असल्याचं सांगत होता. "बिनघोर," ती म्हणाली, "हा शब्द कसा आहे?" आणि मास्तरांनी त्यातला घोर शोधून काढला तेव्हा ती इतकी चिडली, की बोचकं खाली ठेवून दोन्ही हात मोकळे करून उभी राहिली. मधली वीस मिनिटं चालू होती आणि ती कशाला न धरता उभी होती.

त्या फेरीला पेटीत एकच कार्ड पडलं. निळं.

मग तो रोजचाच खेळ झाला. बोट प्रवाहात शिरली की खालून कोणीतरी ओरडायचं, "ताई, बटण दाबा." मी वरून शब्द टाकायचे, खालून त्याच्या चिंध्या व्हायच्या. 'खुशाल' दोन दिवस टिकला, मग गवंड्यानं विचारलं, "खुशाल जा, असं माणूस कधी म्हणतो? रागावल्यावरच ना?" 'मोकळं' एका फेरीत पडला. 'सुखरूप' फक्त पोहोचल्यावर म्हणता येतो, वाटेत नाही. लोक घरून शब्द घेऊन यायला लागले. एका सासूबाईंनी सुनेकडून चिठ्ठी लिहून आणली होती. शब्द कोणताच पास होईना, पण भांडताना लोक आकाशाकडे बघत नव्हते आणि पायांकडेही नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघत होते. काळ्या पेन्सिलीच्या खुणा हळूहळू दिवसाला एखादीवर आल्या. मळमळीला दोन खुणा मागणारी शिंपीणबाई पेटीकडे ढुंकून बघेना.

निळी खूण मात्र चुकली नाही. धाकटा आता हसायचा, मधूनच एखादा शब्द सुचवायचा, पण फेरी संपली की कानामागची पेन्सिल काढायचा आणि भरायचा. धाकधूक. मी एकदा विचारलं, अजून? तो म्हणाला, "कमी आहे. पण कमीला चौकोन नाही."

असं करत शेवटचा दिवस आला. सकाळच्या फेरीनंतर मी पेटी उघडली. एकच कार्ड, निळं. गठ्ठे तीनदा मोजले. दोनशे नव्व्याण्णव. एक फेरी उरली होती, आणि त्या फेरीला मोजणी करायला स्वतः साहेब येणार होते.

मी धाकट्यासमोर हात जोडले. "आज एक दिवस भरू नकोस. तू भरलंस की तीनशे. तुझ्याच हातानं गोदामात जाशील."

"वाटलं तर भरणार, ताई," तो म्हणाला. "नियम माझ्यापुरता बदलत नाही."

लहानपणी असता तर कान धरला असता. तेवढा अधिकार राहिला नाही.

साहेब आले. मास्तर, गवंडी आणि शिंपीणबाई त्या दिवशी हातातली कामं सोडून मुद्दाम याच फेरीला चढले होते. फोनवरच्या आवाजापेक्षा वयानं लहान, कपडे परीटघडीचे, हातात चामडी बॅग. बोट सुटून पंधरा मिनिटं झाली नि त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. एक हात कठड्यावर, एक पोटावर. चढतानाच त्यांनी एक कोरं कार्ड खिशात टाकलेलं मी बघितलं होतं, आणि साहेबही बोटीवरील प्रत्येकात मोडत होते. त्यांच्या एका खुणेनंसुद्धा काम झालं असतं.

"साहेब, तुमचा शब्द कोणता?" शिंपीणबाईनं त्यांना गाठलं.

"बाई, मला आत्ता बोलायला लावू नका."

"एकच. धाकधुकीच्या, मळमळीच्या उलट. तुम्हीच तर मागवलाय."

साहेबांनी डोळे मिटले. "समाधानकारक," ते पुटपुटले.

डेकवर असा हशा उसळला की साहेबांनी डोळे उघडले. "घरी जेवून उठल्यावर बायकोला म्हणून बघा," गवंडी म्हणाला. "जेवण समाधानकारक होतं म्हणावं. दुसऱ्या दिवशी स्वतः रांधावं लागेल." साहेबांना ते लागलं. त्यांनी कठडा सोडला आणि समाधानकारक शब्दात वाईट काय आहे, ते बोट नाचवून सांगायला लागले. मास्तर त्यांच्या बाजूचे झाले, पण 'कारक' काढून टाका म्हणाले. शिंपीणबाई म्हणाली, समाधान शिळ्या भाकरीवरही मानतात, त्यानं पोट शांत आहे असं सिद्ध होत नाही. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही मुद्द्याला धरून बोला.

बेटाच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा साहेब पहिले उतरले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे खायला काय मिळतं?"

गवंडी जागीच थांबला. "मास्तर, ऐकलंत? मळमळीच्या उलट भूक."

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. दोष सापडेना. "मळमळीपुरतं मान्य," ते म्हणाले. "धाकधुकीचं अजून बाकी आहे."

साहेबांनी चहाच्या टपरीवर चार उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. परत निघाले ते तोंड पुसतच.

येताना मी वर केबिनमध्ये होते. प्रवाह सुरू झाला. खाली फक्त धाकधुकीचा वाद, आणि साहेब मधोमध. धाकट्यानं अचानक समोरची खिडकी सरकवली आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "निवांत!"

खालच्या सगळ्यांनी माना वर केल्या. कप्तानाला असं ओरडताना कित्येकांनी पहिल्यांदा ऐकलं असेल.

"निवांत म्हणजे ज्याला काम नाही तो," शिंपीणबाईनं खालून ठणकावलं. "मी भरल्या घरात, भरल्या हातांनी जगते. मला काय कधी बरं वाटू नये?"

"कामातही निवांत असतं," धाकटा म्हणाला.

"कसं ते सांगा."

"म्हणजे शिवताना, बाई. सरळ टीप पडत असते, यंत्र चालू असतं. तेव्हा तुम्हाला कसं वाटतं?"

"तेव्हा मला काही वाटत नाही. तेव्हा मी शिवत असते."

"मग तेच," धाकटा म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते त्याला सापडेना. तो खिडकीत वाकून शब्द शोधत होता, शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून वाट बघत होती. त्याचा एक हात हवेत होता. दुसरा चाकावर, आणि त्या हाताची बोटं पांढरी नव्हती. लाट आली की हात चाकाला थोडं देत होता, गेली की परत घेत होता. इंजिनापाशी तेलाचा डबा पुढे-मागे करायचा, अगदी तसा. मी काही बोलले नाही. हो, मी.

गावाच्या धक्क्यावर साहेबांनी तिकिटाच्या खोलीत टेबल मांडलं. मास्तर, गवंडी, शिंपीणबाई घरी न जाता खिडकीबाहेर उभे राहिले. साहेबांनी आधी पेटी उलटी केली. काही पडलं नाही. त्यांच्या स्वतःच्या खिशातलं कार्डही खिशातच होतं. मग गठ्ठे मोजले. "दोनशे नव्व्याण्णव," ते म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "यातली निम्म्याहून जास्त एकाच हातची आहेत. हा निळ्या पेन्सिलीचा प्रवासी कोण?"

"मी," धाकटा म्हणाला.

"कप्तान? तुम्हाला धाकधूक?"

"हो, साहेब. बोटीवरील प्रत्येकाने असं लिहिलंय."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "रोज भरलंत. प्रत्येक फेरीला. मग आत्ताच्या फेरीचं कुठे आहे?"

धाकट्याचा हात कानामागे गेला. पेन्सिल तिथेच होती. त्याचा चेहरा उतरला, घरी चूल चालू राहिल्याचं आठवावं तसा. "राहिलं," तो म्हणाला. "विसरलो. आत्ता भरतो."

मी म्हटलं, "राहू दे ना रे." त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं टेबलावरचं कोरं कार्ड ओढलं आणि पेन्सिलीचं टोक पहिल्या चौकोनावर धरलं. मळमळ. तिथून चक्करवर. तिथून डोके जड. मग धाकधूक. टोक तिथे थांबलं, आणि खिडकीबाहेरचे तिघे पुढे सरकले.

"ताई," तो कार्डाकडेच बघत म्हणाला, "येताना मधली वीस मिनिटं कधी गेली?"

"तुलाच माहीत. चाक तुझ्या हातात होतं."

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "मी बाईंना काय उत्तर द्यावं, त्याच विचारात होतो." त्यानं उरलेले दोन चौकोन वाचले, कार्ड उलटं करून मागे काही आहे का तेही बघितलं. मग खूण न करताच टेबलावर ठेवलं. "हे मला भरता येत नाही, साहेब. यात माझं काही नाही." त्याला वाईट वाटत होतं. नव्वद दिवसांत पहिल्यांदा नियम मोडत होता तो.

साहेबांनी ते कोरं कार्ड उचलून बाजूला ठेवलं. मग वहीत दोनशे नव्व्याण्णव लिहून खाली सही केली. "गोदामाला दुसरा माणूस बघतो," ते म्हणाले. "आणि कप्तान, कर्मचाऱ्यांनी हे भरायचं नव्हतंच मुळी."

"मग तसं लिहायला हवं होतं," धाकटा म्हणाला.

बाहेर गवंड्यानं शिट्टी मारली. मला रडू आलं. सुखाचं होतं, पण रडू ते रडूच, नाक लाल होतं आणि पदर कमी पडतो. तीन महिने धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं, तिकिटांच्या गठ्ठ्यावर, सगळ्यांसमोर. शिंपीणबाईनं खिडकीतून आपल्या बोचक्यातला एक नवा कोरा रुमाल आत सरकवला.

धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला अशा वेळी हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

"ताई," त्यानं विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

एवढी बोलणारी बाई मी. मला एक शब्द सुचला नाही. मी नुसती मान हलवली, आणि त्याला सगळं कळलं.